टायर स्वस्त, पंक्चर महाग

प्रश्न : सांगलीच्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. वय ३४, वजन ५८ किलो, आठवड्याला साधारण १५० किलोमीटर सायकलिंग. शर्यती खेळणं थांबवलेल्या एका खेळाडूकडून त्यांनी जुनी रोड बाइक घेतली. ॲल्युमिनियमच्या ट्यूब्युलर रिम, रिम ब्रेक, सायकल उत्तम. टायर मात्र संपलेले, बाजूंना भेगा पडलेले. दुकानदार आधी 'ट्यूबलेस आहे, सीलंट घाला' म्हणाला, मग 'हे मिळत नाही, चाकंच बदला' म्हणून मोकळा झाला. मित्राचं म्हणणं, मिळेल तो ट्यूब्युलर घे आणि चपलेच्या सोल्यूशननं चिकटव. बजेट ८ हजार. जानेवारीत २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे आणि नंतर कोल्हापूरमार्गे आंबोली घाट. "सगळ्यात टिकाऊ आणि परवडणारा ट्यूब्युलर कोणता, एवढं एक नाव सांगा. चाकं बदलायची नाहीत, वेग जाईल," असं त्या लिहितात.

उत्तर : नावं पुढे येतीलच. आधी चाक हातात घ्या, कारण ८ हजार खर्च करायचे की नाही हे रिम ठरवणार आहे.

ट्यूब्युलर रिमला टायर धरून ठेवणाऱ्या कडा नसतात. वरून पाहिलं तर पन्हळीसारखा उथळ खोलगट पट्टा दिसतो. ट्यूब टायरच्या आतच शिवलेली असते आणि तो अख्खा गोल टायर त्या पट्ट्यावर गोंदानं बसतो. ट्यूबलेसशी याचा काही संबंध नाही, आणि नेहमीचा टायर या रिमवर बसतच नाही. जुने टायर उतरवा आणि ब्रेक जिथे घासतो त्या भागावर स्टीलची फूटपट्टी उभी टेकवा. मधे ठळक फट दिसली तर ब्रेकनं रिम खाल्ली आहे. आऱ्यांच्या भोकांभोवती केसासारख्या भेगा असतील तरी तेच. अशा रिमवर नवे टायर चढवणं म्हणजे पैसे वाया.

दुसरी गोष्ट माप. ट्यूब्युलरवर २८ इंच असं छापलेलं असतं. ते ७००सी मापाच्या ट्यूब्युलर रिमसाठी आहे. आपल्या साध्या काळ्या सायकलीचा २८ × १½ चा टायर हे वेगळंच माप आहे, त्यामुळे दुकानात नुसतं 'अठ्ठावीस' म्हणू नका. लहान फ्रेमच्या काही जुन्या सायकलींना २६ इंची ट्यूब्युलर असतात. जुन्या टायरच्या बाजूवर काय छापलंय ते वाचूनच ऑर्डर द्या.

आता 'टिकाऊ' या शब्दाकडे. तुमच्या डोक्यात, बहुतेकांसारखंच, उशिरा झिजणारा टायर आहे. पण आपल्या रस्त्यांवर ट्यूब्युलर क्वचितच झिजून मरतो. तो पंक्चरनं मरतो. साधं गणित करून बघा : ४,००० रुपयांचा टायर ३,००० किलोमीटर चालला तर किलोमीटरला १ रुपया ३३ पैसे पडले. तोच ५०० किलोमीटरला काट्यानं गेला आणि दुरुस्त झाला नाही, तर किलोमीटरला ८ रुपये. नेहमीच्या टायरमध्ये त्याच काट्याची किंमत एका पॅचएवढी असते. त्यामुळे टायर निवडताना 'जाड आहे का' याआधी 'पंक्चर झाला तर पुढे काय' हे विचारायचं.

तुमच्या भागातले शत्रू ठरलेले आहेत. पावसाळा सरला की कडेला सराटे पसरतात. बाभळीचा काटा असतोच. हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात; त्या रबरात शिरतात आणि दोन दिवसांनी ट्यूबपर्यंत पोचतात. आणि बीआरएम जानेवारीत म्हणजे ऐन गळीत हंगामात : कडेला उसाचं पाचट पडलेलं, त्याखाली काच आहे की खिळा हे दिसत नाही. यातली बहुतेक भोकं एक-दोन मिलिमीटरची असतात, आणि एवढी भोकं सीलंट, म्हणजे टायरच्या आत घालायचं चिकट द्रव, बुजवतं. म्हणजे दुकानदाराचा निष्कर्ष चुकला, तरी सीलंटचा सल्ला चुकीचा नव्हता. फक्त ते भेगाळलेल्या टायरमध्ये घालण्यात अर्थ नाही. नव्या टायरमध्ये पहिल्या दिवसापासून घाला. एका टायरला २५ ते ३० मिली पुरतं. त्यासाठी प्रेस्टा व्हॉल्व्हचा (रोड बाइकचा बारीक व्हॉल्व्ह) कोअर, म्हणजे आतली पिन, निघणारा हवा, हे विकत घेताना विचारून घ्या. सीलंट काही महिन्यांत सुकतं. चाक कानाजवळ हलवलं आणि आत खळखळ नाही ऐकू आली तर थोडं अजून घाला. आणि ते व्हॉल्व्हमध्ये साचून गोठू नये म्हणून हवा भरताना व्हॉल्व्ह नेहमी वरच्या बाजूला ठेवा.

रस्त्यात फवारा उडाला तर घाबरून लगेच पंप जोडू नका. जास्त दाबाला सीलंट भोकातून नुसतंच बाहेर येतं. भोक खाली येईल असं चाक फिरवून धरा आणि दाब थोडा उतरू द्या. गळती थांबली की ७० पीएसआयपर्यंत हवा भरून पुढे निघा. कार्बन डायऑक्साइडची कार्ट्रिज शक्यतो टाळा. त्या थंड वायूनं काही सीलंट गोठतात, आणि तो वायू ट्यूबमधून हवेपेक्षा लवकर निघूनही जातो.

मग टायर कोणता? कापडापासून सुरू करू. महागड्या ट्यूब्युलरचं आतलं कापड सुती असतं आणि ट्यूब लॅटेक्सची. व्हिटोरियाचा कोर्सा हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. चालवायला सुरेख, पण सुती कापड ओल धरतं आणि कुजतं, बाजूंना रबराचं संरक्षण कमी असतं, आणि लॅटेक्समधली हवा रोज उतरते. तुम्हाला हा टायर नको. महाग म्हणजे टिकाऊ हे इथे साफ उलटं आहे. तुम्हाला नायलॉन किंवा पॉलिएस्टर कापड आणि ब्यूटाइल (नेहमीच्या काळ्या रबराची) ट्यूब असलेला, २५ मिमीच्या आसपास रुंदीचा टायर हवा. फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली जागा आहे का ते आधी मोजा; जुन्या रेसिंग फ्रेममध्ये कधीकधी २३ मिमीच जेमतेम मावतो.

अगदी स्वस्तात व्हिटोरिया रॅली आणि कॉन्टिनेंटल जिरो येतात. कामाला चालतात, पण या वर्गात शिलाई नेहमीच सरळ नसते आणि व्हॉल्व्हपाशी टेंगूळ असू शकतं. म्हणून गोंद लावण्याआधी टायर कोरडा चढवून, हवा भरून, चाक फिरवून बघा. डोळ्यांना नागमोडी दिसला तर तेव्हाच परत करता येतो. गोंद लागल्यावर कोणी परत घेत नाही. एक पायरी वर कॉन्टिनेंटल स्प्रिंटर आहे. त्याचीच गेटरस्किन आवृत्ती बाजूंना जास्त संरक्षण देते. थोडी जड आणि थोडी कडक लागते, पण तुमच्या रस्त्यांसाठी तीच जास्त शहाणपणाची वाटते. त्याच कंपनीचा काँपिटिशन ट्रेडखालच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराखालच्या, व्हेक्ट्रान या मजबूत धाग्याच्या थरासह येतो. तो छान आहे, पण तुमच्या बजेटमध्ये जोडी बसवणं अवघड.

चेक कंपनी टूफोचा मामला निराळा. त्यांच्या टायरमध्ये सुटी ट्यूब नसतेच, आतला हवाबंद थर टायरशी एकजीव केलेला असतो. शिलाई उसवून आतून पॅच मारण्याचा प्रश्नच येत नाही. सीलंटनं भागलं तर भागलं, नाहीतर टायर गेला. पण छोटी भोकं सीलंटनं नीट बंद होतात आणि एस३३ प्रो हा त्यांचा परवडणारा टायर २४ मिमीत येतो. ज्याला सुई-दोरा हातात धरायचाच नाही, त्यानं टूफो घ्यावा. तुम्ही धराल असं पत्रावरून वाटतं, म्हणून तुमच्यासाठी पहिली पसंती स्प्रिंटर गेटरस्किन आणि दुसरी एस३३ प्रो.

जो टायर मिळेल तो हातात आल्यावर तपासा. रोड रेसिंगमधला मोठा वर्ग गेल्या काही वर्षांत ट्यूबलेसकडे गेला, त्यामुळे ट्यूब्युलरची निवड आटली आहे आणि स्वस्तात दिसणारा माल बऱ्याचदा वर्षानुवर्षं पडून असलेला असतो. ट्यूब्युलर अंधारात ठेवून 'मुरवला' की चांगला होतो असं जुने लोक सांगायचे. रबर मुरत नाही, वाळतं. टायर बोटांनी दुमडून बाजूला बारीक भेगा दिसतात का बघा. तळाची कापडी पट्टी, जिला बेस टेप म्हणतात, तिची कड नखानं उचलून पाहा. सहज सुटत असेल तर नको, कारण रिमचा गोंद याच पट्टीला धरतो.

वेगाबद्दल स्पष्टच सांगते. ट्यूब्युलर वेगवान ही गोष्ट चांगल्या, सुती, महाग ट्यूब्युलरची होती. स्वस्त नायलॉनचा ट्यूब्युलर आजच्या चांगल्या क्लिंचरपेक्षा, म्हणजे सुटी ट्यूब असलेल्या नेहमीच्या टायरपेक्षा, वेगवान नसतो. बऱ्याचदा उलटच असतं. ट्यूब्युलरचे खरे फायदे वेगळे आहेत. रिम हलकी असते. खड्ड्यात आपटून ट्यूब चिमटण्याचा प्रकार फार कमी होतो. आणि हवा गेली तरी नीट चिकटवलेला टायर रिमवर राहतो, त्यामुळे घाटात अचानक पंक्चर झाल्यावर सावकाश थांबता येतं. हे फायदे हवे असतील तर ट्यूब्युलर ठेवा. नुसत्या वेगासाठी ठेवत असाल तर कारण उरलं नाही.

बीआरएमचा विचार करा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि कंट्रोलच्या, म्हणजे वाटेतल्या हजेरीच्या, ठिकाणांखेरीज सोबतच्या गाडीची मदत घेता येत नाही. वेळ भरपूर आहे, पण सीलंटनं न बुजलेली दोन पंक्चरं झाली की तुमची राइड तिथेच संपली, कारण तुम्ही फार तर एक जादा टायर बाळगणार. क्लिंचरवर दोन ट्यूब आणि पॅचचा डबा खिशात मावतो, आणि कुठल्याही गावातला पंक्चरवालाही मदतीला येतो.

म्हणून यादी अशी मांडा : दोन टायर, जादा म्हणून तिसरा स्वस्तातला, दोन ट्यूब गोंद, एक बाटली सीलंट. तुमचे जुने टायर भेगाळलेले आहेत, ते जादा म्हणून चालणार नाहीत. ही सगळी बेरीज, वाहतूक खर्चासह, ८ हजारांत बसत असेल तर ट्यूब्युलर घ्या. बसत नसेल तर तिसरा टायर किंवा गोंद गाळून ती बसवू नका. त्याऐवजी वापरलेली चांगली क्लिंचर चाकांची जोडी शोधा आणि ट्यूब्युलर चाकं कपाटात ठेवा, बोनस येईल तेव्हा बाहेर काढा. चाकं घेताना मागच्या हबवर तुमची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) बसते का ते बघा, आणि रिमची रुंदी वेगळी असेल तर ब्रेक पॅड परत लावून घ्या.

ट्यूब्युलरच ठेवायचं ठरलं, तर गोंदाकडे या. मित्राचा चपलेच्या सोल्यूशनचा सल्ला अजिबात ऐकू नका. ते सुकून कडक होतं आणि एकदा सुटलं की परत धरत नाही. शिवाय टायर काढताना बेस टेपच फाडून आणतं. ट्यूब्युलरचा गोंद सुकल्यावरही चिवट आणि चिकट राहतो आणि दाब पडेल तसा पुन्हा धरतो. व्हिटोरियाचा मॅस्टिक वन किंवा कॉन्टिनेंटलचा ॲल्युमिनियम रिमचा गोंद घ्या. २५-३० ग्रॅमची एक ट्यूब एका चाकाला, असं धरून चाला. टायर रिमवरून सुटण्याचा परिणाम काय असतो हे २००३ च्या टूर द फ्रान्समध्ये जगानं पाहिलं. गॅप गावाकडे उतरताना उन्हानं पाघळलेल्या डांबरावर स्पॅनिश सायकलपटू खोसेबा बेलोकीचं मागचं चाक अडखळलं, टायर रिमवरून निघाला आणि मांडीच्या हाडासकट तीन ठिकाणी फ्रॅक्चर झालं. तो तर व्यावसायिक मेकॅनिकनं बसवलेला टायर होता.

काम चार-पाच दिवसांचं आहे, पण रोजचं अर्ध्या तासाचं. पावसाळी दमट दिवस टाळा, गोंद सुकत नाही. आधी टायर कोरडाच रिमवर चढवा, १०० पीएसआय हवा भरा आणि दोन दिवस तसाच ठेवा. ताणला गेला की पुढचं निम्मं कष्ट वाचतं. तोवर दुसरी रिम साफ करा. जुना गोंद एकसारखा आणि घट्ट असेल तर खरवडायची गरज नाही, त्यावरच नवा थर चालतो. पापुद्रे निघत असतील तर खरवडून ॲसिटोननं पुसा, गच्चीत, हातमोजे घालून. हे ॲल्युमिनियमपुरतंच, कार्बनच्या रिमवर ॲसिटोन ओतू नये.

मग टायर उतरवा आणि सुटाच असताना थोडी हवा भरा. तो आपोआप आतली बाजू बाहेर असा उलटतो आणि बेस टेप वर येते. कडक केसांच्या लहान ब्रशनं तिच्यावर पातळ थर द्या. रिमवरही पातळ थर, काठापासून काठापर्यंत. मध्यभागी ढीग आणि कडा कोरड्या ही नवशिक्यांची नेहमीची चूक. खरी पकड कडांवरच लागते. रात्रभर सुकवा. दुसऱ्या दिवशी रिमवर दुसरा थर, पुन्हा रात्रभर. तिसऱ्या दिवशी रिमवर शेवटचा पातळ थर देऊन तो चिकट असतानाच, पाच-दहा मिनिटांत, टायर चढवा.

चढवताना चाक जुन्या चादरीवर उभं करा, व्हॉल्व्हचं भोक वर. टायरमध्ये आकार येण्यापुरतीच हवा ठेवा. व्हॉल्व्ह सरळ घाला, दोन्ही हात दोन बाजूंना ठेवा आणि टायर खाली ओढत, ताणत जमिनीपर्यंत जा. शरीराचं वजन वापरा. शेवटचा वीतभर भाग उरेल. तेव्हा चाक उचलून पोटाशी टेकवा आणि तो भाग दोन्ही अंगठ्यांनी रिमवर ढकला. स्क्रू ड्रायव्हर लावू नका, बेस टेप फाटते. आता ३० पीएसआय भरून चाक फिरवा आणि बेस टेपची कड दोन्ही बाजूंना सारखी दिसते का पाहा. जिथे सरकली आहे तिथे मुठीत धरून पिळून सरळ करा. मन भरलं की १०० पीएसआय भरा, चाकावर वजन देऊन जमिनीवर फिरवा आणि २४ तास हात लावू नका. दुतर्फी टेपचा पर्याय आहे, काम पटकन होतं. पण टेप एकदाच वापरता येते आणि रस्त्यात टायर बदलला तर खाली चिकट काही उरेलच याची खात्री नाही. बीआरएम करणाऱ्यानं गोंदच वापरावा.

तुमच्या वजनाला २५ मिमीच्या टायरमध्ये पुढे ८० ते ८५ आणि मागे ९० पीएसआय पुष्कळ झालं. चाळीस वर्षांपूर्वीचे १३० पीएसआय विसरा, हात दुखतात आणि ओल्या रस्त्यावर टायर निसटतो. गावातल्या कॉम्प्रेसरचं तोंड प्रेस्टाला लागत नाही, तेव्हा छोटा पितळी ॲडॉप्टर व्हॉल्व्हवरच लावून ठेवा.

आंबोली कोल्हापूरकडून गेल्यावर उताराचा घाट आहे. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते आणि गोंद मऊ पडतो. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, मग पूर्ण सोडून द्या. रिमला वारा लागू द्या. निघायच्या आदल्या दिवशी सगळी हवा काढून दोन्ही अंगठ्यांनी टायर जागोजागी बाजूला ढकलून पाहा. कुठे तो रिमवरून उचलला गेला आणि फट दिसली, तर घाट रद्द, आधी गोंद. ही तपासणी महिन्यातून एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा कराच, कारण आऱ्यांच्या आणि व्हॉल्व्हच्या भोकांतून पाणी बेस टेपपर्यंत जातं.

सीलंटनं न बुजलेला टायर टाकून देऊ नका. टूफो नसेल तर तो उसवता येतो. पाण्यात बुडवून भोक शोधताना फसू नका : हवा बेस टेपखालून वाट काढून बऱ्याचदा व्हॉल्व्हपाशी बुडबुडे काढते. ट्रेडवर काटा कुठे घुसला तीच खूण धरा. तिथली बेस टेप १०-१२ सेंटिमीटर सोडवा. शिलाईवर पेनानं आडव्या रेघा मारा, म्हणजे परत शिवताना दोन्ही कडा जुळतील. मग ७-८ सेंटिमीटर टाके उसवा, ट्यूब बाहेर ओढा, पातळ पॅच मारा, टाल्कम लावून आत घाला. शिवताना ट्यूबवर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, सुई जुन्याच भोकांतून न्या, मेण लावलेला जाड नायलॉन दोरा वापरा. चपला-बूट शिवणाऱ्या कारागिराकडे सुई-दोरा दोन्ही मिळतं, आणि हे काम त्याच्या हातून तुमच्यापेक्षा चांगलं होईल. बेस टेप परत चिकटवायला पंक्चरचं सोल्यूशन चालतं. फक्त तेवढ्याच कामाला.

राहिला जादा टायर. तो कोरडा, नवाकोरा बाळगला तर रस्त्यात त्याचा उपयोग कमी, कारण त्याच्या तळाला गोंद नाही. आधीच एकदा रिमवर ताणून घ्या, बेस टेपवर एक थर गोंद देऊन पूर्ण सुकवा आणि मगच घडी घाला : पट्टी आत, ट्रेड बाहेर. सुती फडक्यात गुंडाळून सीटखाली पट्ट्यानं घट्ट बांधा, सैल राहिला तर सीटपोस्टला घासून तिथेच भोक पडतं. दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला. रस्त्यात तो चढवला की दाब नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवा, वळणं हळू घ्या, आणि घरी आल्यावर तो तसाच चालवत न राहता उतरवून नव्यानं गोंद देऊन बसवा.